पिकल्या केळ्यांचा पाव
(इयत्ता 6 वी व 7 वी : कार्यानुभव व सामान्य विज्ञान)

नाशिकमधील पंचवटी ही यात्रेकरूंची वस्ती. रामकुंडाच्या व काळाराम मंदिराच्या परिसरात हातगाड्यांवर केळी बारमाही मिळतात आणि देवापुढे येणाऱ्या फळांतही त्यांचाच भरणा अधिक. केळ्याची साल काळी पडू लागली की गिऱ्हाईक पाठ फिरविते. घरीही असे केळे बहुधा टाकूनच दिले जाते. वस्तुतः आतला गर चांगला असेल तर तेच केळे पावासाठी सर्वांत उत्तम होय. केळे पिकते तेव्हा त्यातील पिष्टाची साखर होत जाते. त्यामुळे काळ्या ठिपक्यांच्या केळ्याला वरून गोडी फारशी लावावी लागत नाही. मात्र आतून आंबलेले किंवा बुरसलेले केळे वर्ज्य समजावे.

‘पाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. गोव्यात पावाचे पीठ ताडीने आंबवीत असत. तो पाव यीस्ट या सूक्ष्म जीवांच्या साहाय्याने फुगतो व त्यास काही तास लागतात. प्रस्तुत पाव निराळा आहे. तो खाण्याच्या सोड्याने काही मिनिटांतच फुगू लागतो. अमेरिकेत अशा पावांची चाल पडली, असे सांगितले की मुलांना हा प्रकार परका वाटेल. परंतु कोकणातील घरांत काकडी, तांदळाचा रवा व गूळ यांचे धोंडस खाली-वर निखारे ठेवून भाजतात, ते याच्याच जवळचे नव्हे काय?

शिक्षकांनी प्रथम एक प्रयोग करून दाखवावा. एका वाटीत पाणी व दुसरीत आंबट दही घेऊन दोहोंत चिमूट चिमूट सोडा टाकावा. दही फसफसते, पाणी जवळजवळ स्वस्थ राहते. दह्यातील आम्लाचा सोड्याशी संयोग होऊन कार्बन डायॉक्साइड वायू सुटतो. पिठात अडकलेले त्याचे बुडबुडे उष्णतेने प्रसरण पावतात आणि पाव हलका होतो. आम्ल अपुरे व सोडा अधिक झाल्यास पावाला साबणासारखी चव येते, ती यामुळेच.

साहित्य पुढीलप्रमाणे घ्यावे. कणीक 250 ग्रॅम, केळ्यांचा गर 300 ग्रॅम (मध्यम आकाराची सुमारे तीन केळी), आंबट दही 100 ग्रॅम, चिरलेला गूळ 80 ग्रॅम, शेंगदाण्याचे तेल चार टेबलचमचे, सोडा एक सपाट चहाचा चमचा, बेदाणे 50 ग्रॅम, भाजलेल्या दाण्यांचा भरड कूट 40 ग्रॅम, वेलची व चिमूटभर मीठ. कोणा मुलास दाणे सोसत नसतील तर ते अवश्य वगळावेत.

गर कुस्करून त्यात गूळ विरघळवावा, मग दही व तेल घालावे. कणीक, सोडा व मीठ निराळे चाळून घ्यावे. चाळणीतला कोंडा परत पिठातच मिसळावा. नंतर दोन्ही एकत्र करून कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच ढवळावे. येथेच बहुतेकांची चूक होते. जितके फेटावे तितका गव्हाचा चिवटपणा वाढतो आणि वायूही निघून जातो. मिश्रण थांबवून न ठेवता तेल लावलेल्या डब्यात ओतावे.

ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या कढईत वाळूचा थर पसरून झाकण ठेवावे व कढई दहा मिनिटे तापवावी. वाळूवर तिवई, तिवईवर डबा ठेवून मंद आचेवर सुमारे तासभर भाजावे. पहिली 40 मिनिटे झाकण काढू नये. मध्यभागी खुपसलेली सुरी कोरडी निघाली म्हणजे पाव झाला. तापलेली कढई हाताळण्याचे काम शिक्षकांनीच करावे.

आता पौष्टिकतेचा विचार. 100 ग्रॅम कणकेत सुमारे 11 ग्रॅम तंतू असतात. मैद्यात 3 ग्रॅमहूनही कमी. हा लाभ खरा आहे. गुळाविषयी मात्र भ्रम फार. गूळ घातला की पदार्थ पथ्याचा झाला, असे समजू नये. शरीराच्या दृष्टीने तो बव्हंशी साखरच. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये असे सुचविले की, वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी, 5 टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक बरे. दिवसाला 1500 कॅलरी लागणाऱ्या मुलास 5 टक्के म्हणजे सुमारे 19 ग्रॅम साखर. या पावाचे बारा काप केले तर एका कापात गूळ सुमारे 7 ग्रॅम येतो. हे गणित मुलांकडूनच फळ्यावर करून घ्यावे आणि दुकानातील केकच्या वेष्टनावरील आकडा शेजारी मांडावा. पुढील खेपेस गूळ 50 ग्रॅमवर आणून पाहण्यासही हरकत नाही. केळी पुरेशी पिकलेली असली तर फरक थोडाच जाणवतो.

पाव पूर्ण निवल्यावरच कापावा, ऊन असता तो चुरतो. ओलाव्यामुळे उन्हाळ्यात तो दुसऱ्या दिवसापर्यंतच ठेवावा.