समुद्राचे शास्त्र किनाऱ्याच्या भाषेत

पुदुच्चेरी शहराच्या दक्षिणेस समुद्रकाठी वीरमपट्टिनम नावाचे मच्छिमारांचे मोठे गाव आहे. १९९८ नंतरच्या काही वर्षांत या गावाच्या किनाऱ्यावर ध्वनिक्षेपक बसविण्यात आले. बंगालच्या उपसागरात लाटा किती उंच उठतील आणि वारा कोठून वाहील, याचे अनुमान त्यावरून तमिळ भाषेत सांगितले जाई. ते ऐकून होडी पाण्यात लोटावी की वाळूवरच ठेवावी, याचा निर्णय मच्छिमार घेत. ही माहिती मूळची अमेरिकेच्या नौदलाची. ती इंग्रजीत असे आणि संगणकाच्या जाळ्यावर कोणासही पाहावयास मिळे. परंतु ती तशीच राहिली असती तर वीरमपट्टिनमला तिचा काडीइतकाही उपयोग नव्हता. ती उतरवून घेणारे, समजून घेणारे आणि गावाच्या बोलीत सांगणारे कोणीतरी मध्ये असावे लागते. या मधल्या दुव्याची ओळख करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रयोग कृषिशास्त्रज्ञ डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांच्या चेन्नई येथील संशोधन प्रतिष्ठानाचा. पुदुच्चेरी हा केंद्रशासित प्रदेश असला तरी तेथील जनजीवन तमिळ आहे. विल्लियनूर येथे मुख्य केंद्र आणि आसपासच्या गावांतून ज्ञानकेंद्रे अशी योजना होती. केंद्रासाठी जागा गावाने द्यावयाची, माणसेही गावानेच निवडायची आणि जातिभेद न मानता ते सर्वांना खुले ठेवावयाचे, अशी अट होती. एम्बलम या गावी तर देवळाच्या आवारातच केंद्र उभे राहिले आणि ते स्त्रियांनी चालविले. एकूण स्वयंसेवकांतही स्त्रियांचाच भरणा अधिक होता. 'नम्म ऊर सेय्दी', म्हणजे 'आपल्या गावची वार्ता', या नावाचे तमिळ पत्रही या प्रकल्पातून निघे. पुदुच्चेरी भागात वीज जाणे नित्याचेच असल्याने यंत्रांना सौरशक्तीची जोड द्यावी लागली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. योजना कागदावर आखताना असल्या गोष्टी बहुधा सुटतात.

या व्यवस्थेची खरी कसोटी २६ डिसेंबर २००४ रोजी लागली. नल्लवाडू या किनाऱ्यावरच्या गावातील एक रहिवासी त्या वेळी सिंगापूर येथे होता. सुनामीची बातमी कळताच त्याने गावी दूरध्वनी केला. गावकऱ्यांनी ज्ञानकेंद्राचे दार फोडले आणि तेथील ध्वनिक्षेपकावरून सर्वांना किनारा सोडण्यास सांगितले. होड्या गेल्या, घरे पडली. पण सुमारे साडेतीन हजार वस्तीचे ते गाव वाचले. त्या दिवशी कोणतेही शासकीय पूर्वसूचना केंद्र मदतीस नव्हते. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात सुनामी पूर्वसूचनेची यंत्रणा उभी राहिली ती २००७ मध्ये. गावात आधीपासून ध्वनिक्षेपक होता आणि त्यावरून येणारा शब्द खरा असतो हा विश्वास रोजच्या वापराने जडलेला होता, एवढेच भांडवल नल्लवाडूच्या हाती होते.

आता भाषांतर यंत्राकडून करून घेता येते. तमिळमधील असे प्रयत्न जुने आहेत. सरफोजी राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या तंजावर येथे १९८१ मध्ये तमिळ विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच दशकात तेथे रशियनमधून तमिळमध्ये यांत्रिक भाषांतर करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. पुढे अनेक संस्थांनी हे काम चालविले. केंद्र शासनाने २०२२ मध्ये 'भाषिणी' हा उपक्रम सर्व प्रमुख भारतीय भाषांसाठी सुरू केला. यंत्राची गती विलक्षण आहे, त्याची चूक मात्र गावाला महागात पडू शकते. इंग्रजीत 'वुई' हा एकच शब्द आहे. मराठीत आपण 'आपण' आणि 'आम्ही' असा भेद करतो, तसाच तमिळमध्ये 'नाम' आणि 'नांगळ' असा भेद आहे. ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हे इंग्रजी वाक्य सांगत नाही; यंत्राला अंदाज बांधावा लागतो. समुद्र खवळलेला आहे असे सांगावयाचे असताना यंत्राने तो 'खडबडीत' आहे असे सांगितले, तर ऐकणारा हसेल आणि होडी लोटेल. शिवाय तमिळ मच्छिमार खोली मीटरमध्ये नव्हे, 'पागम'मध्ये मोजतो, जसा आपला कोळी वावेत मोजतो. उत्तरेचा वारा त्याच्यासाठी 'वाडै' आणि पूर्वेचा 'कोण्डल'. यंत्र ज्या मजकुरावरून शिकते तो बहुतांशी वर्तमानपत्रांचा व कार्यालयांचा. किनाऱ्यावरची ही बोली त्यात अभावानेच आढळते. म्हणून यंत्राने केलेला मजकूर किनाऱ्यावरच्याच कोणीतरी वाचून पाहिला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हवामानाच्या वार्तेचा लाभ त्याच दिवशी दिसतो. मत्स्यजीवशास्त्राचे तसे नाही. तमिळ किनारा या शास्त्राचे जुने पीठ आहे. वेल्लार नदीच्या मुखाशी परंगीपेट्टै येथे अण्णामलै विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र केंद्र आहे; केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेचा १९४७ मध्ये आरंभ झाल्यावर रामेश्वरमजवळचे मंडपम हे बराच काळ तिचे मुख्य ठिकाण होते. संशोधक बंदरावर आलेले मासे दर महिन्यास मोजतात, पोट फाडून गाबोळी कितपत पिकली आहे ते नोंदवितात आणि त्यावरून तो मासा कोणत्या लांबीला व कोणत्या महिन्यांत प्रजननक्षम होतो हे ठरवितात. अशाच नोंदींवरून एक महत्त्वाची गोष्ट उघडकीस आली. आपण ज्याला राणी मासा म्हणतो आणि तमिळ लोक 'शंकरा' म्हणतात, त्याच्या चेन्नई किनाऱ्यावरील १९८१ ते २००४ या काळातील नोंदी तपासल्या असता, एप्रिल ते सप्टेंबर या उष्ण महिन्यांत अंडी धरणाऱ्या माद्यांचे प्रमाण उतरत गेले आणि ऑक्टोबर ते मार्च या थंड महिन्यांत ते वाढत गेले, असे दिसले. संशोधकांनी याचा संबंध समुद्राच्या वाढत्या तापमानाशी जोडला आहे.

याचा अर्थ केवळ शास्त्रज्ञांपुरता नाही. तमिळनाडूत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी २००१ पासून लागू झाली. आज पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवसांची असते. माशांना वीण घालण्यास उसंत मिळावी, हा तिचा एक प्रमुख हेतू. एखाद्या जातीचा हंगामच सरकू लागला, तर त्या जातीला बंदीचे पुरेसे संरक्षण मिळते काय, हा प्रश्न उभा राहतो. दोन महिने ज्या घरची चूल या बंदीमुळे मंदावते, त्या घराला हा प्रश्न समजावून घेण्याचा अधिकार आहे. संशोधन इंग्रजी नियतकालिकात राहिले तर तो अधिकार नावापुरताच उरतो.

येथे स्त्रियांच्या शिक्षणाचा संबंध येतो. किनाऱ्यावर मासे विकणारी आणि चिरून देणारी बहुधा स्त्रीच असते. कोणत्या महिन्यात कोणत्या माशात गाबोळी सापडते हे तिच्या हातांना ठाऊक असते. संशोधक जे चिमट्याने करतो तेच ती विळीवर रोज करते. तिच्याजवळ नसते ती नोंदवही. तिची मुलगी शिकली, तर घरातले ज्ञान आणि प्रयोगशाळेतले ज्ञान एका वहीत येऊ शकते. तमिळनाडू शासनाने २०२२ मध्ये 'पुदुमै पेण' ही योजना सुरू केली. शासकीय शाळांतून सहावी ते बारावी शिकलेल्या मुलींना उच्च शिक्षण घेताना दरमहा १००० रुपये देण्याची तीत तरतूद आहे.

आपल्या कोकण किनाऱ्यावरही साधने नाहीत असे नाही. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य उपग्रहाद्वारे पाहून मासे कोठे जमण्याचा संभव आहे, याची सूचना हैदराबादचे वर उल्लेखिलेले केंद्र तमिळप्रमाणेच मराठीतही प्रसृत करते. बंदीच्या काळात, म्हणजे आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै, ती दिली जात नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेट हा राज्यमासा घोषित केला आणि त्याच वर्षी अनेक जातींच्या माशांसाठी पकडावयाची किमान लांबीही ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. हा आकडा आदेशात आहे. बंदरावरच्या फळ्यावर तो एखाद्या माशाच्या आकृतीसह, प्रत्यक्ष लांबीची रेघ मारून लिहिता येईल. त्यासाठी लागणारा खर्च कोणत्याही ग्रामपंचायतीला झेपण्याजोगा आहे, आणि रेघ मारावयास शाळेतील मुली आहेतच.