ओल आणि बुरशी

आषाढ लागला, की कोल्हापुरात पावसाची झड सुरू होते. सूर्यदर्शन दुर्मीळ होते. दोरीवरील कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, पेटीतील वस्त्रांना कुबट वास येऊ लागतो. कोपऱ्यातील कोल्हापुरी चपलांवर पांढुरका बुरा चढतो. फडक्यात राहिलेल्या भाकरीवर हिरवट-काळी लव उगवते. ही सारी करणी बुरशीची होय.

बुरशी ही वनस्पती नव्हे आणि प्राणीही नव्हे. तिचे कुळ निराळे आहे. तिच्या अंगी हरितद्रव्य नसल्यामुळे तिला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. लाकूड, कागद, कातडे, धान्य अशा पदार्थांवर ती आपले तंतू पसरते, पाचक रस सोडते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेबरोबर घरोघरी पोहोचलेले असतात. मग प्रत्येक घरात बुरशी का माजत नाही? कारण बीजाणू रुजण्यास अन्नाबरोबर ओलही लागते. बीजाणूंना अडविणे माणसाच्या हाती नाही; ओल हटविणे मात्र पुष्कळसे त्याच्या हाती आहे.

कोल्हापूरकरांना याचा कठीण अनुभव महापुरांनी दिला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे पाणी ५५ फुटांच्याही वर चढले, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. नदीकाठच्या वस्तीत व चिखली, आंबेवाडी यांसारख्या गावांत पाणी शिरले. पूर ओसरतो, पण विटामातीच्या भिंतींत मुरलेले पाणी लवकर जात नाही. वरून कोरडी दिसणारी भिंत आतून ओलीच असते. तिला घाईने रंग दिला, तर ओल आत कोंडते, रंगाला पोपडे सुटतात आणि काळे ठिपके पुन्हा डोके वर काढतात. म्हणून आधी चिखल धुऊन काढावा, वारा खेळू द्यावा आणि भिंत पुरती वाळल्यावरच रंग द्यावा.

काळे-हिरवे ठिपके आणि कुबट वास ही बुरशीची ओळख होय. कपाटामागे, माळ्यावर व न्हाणीघराच्या कोपऱ्यांत ती आधी शोधावी. भिंतीवरील पांढरी भुकटी मात्र पुष्कळदा लोणा असतो. ओलीबरोबर बाहेर आलेले ते क्षार पाण्याच्या थेंबात बहुधा विरघळतात. बुरशी विरघळत नाही. तरीही लोणा दिसताच भिंतीत पाणी मुरत आहे, हे ओळखावे.

बीजाणू श्वासावाटे आत गेल्यास कित्येकांना शिंका व खोकला येतो. दमेकऱ्यांचा दमा बळावतो. भुईमुगाच्या दाण्यांवर वाढणाऱ्या एका बुरशीचे विष भाजल्यानेही पूर्णपणे नाहीसे होत नाही. बुरसटलेले दाणे टाकून द्यावेत. भाकरीवरील ठिपका खरवडून उरलेली भाकरी खाऊ नये; तंतू आतवर पसरलेले असू शकतात.

यावर उपाय साधे आहेत. पावसाळ्यापूर्वी कौले शाकारावीत, गच्चीच्या भेगा बुजवाव्यात. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांच्या आत वाळवावी. कपाट भिंतीस चिकटवून ठेवू नये. चपला पुसून वाऱ्यावर सुकवाव्यात. उघडीप मिळताच खिडक्या उघडाव्यात. बुरशी कोरडी झाडू नये, कारण त्यामुळे बीजाणू उधळतात. मोठ्या माणसांनी नाकातोंडावर फडके बांधून ती साबणाच्या पाण्याने धुवावी आणि जागा कोरडी करावी. भाद्रपदाच्या कडक उन्हात कपडे व धान्य वाळविण्याची जुनी रीतही याच ज्ञानावर उभी आहे.

बुरशी सर्वस्वी वैरी नव्हे. रानातील पालापाचोळा कुजवून ती मातीला कस देते. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन हे औषध एका बुरशीतच सापडले. मात्र राहत्या घरात तिला थारा देऊ नये. भिंतीवरील डाग पुसला, तरी गळणारे कौल तसेच राहिले, तर तो डाग पुन्हा उमटणारच. ओलीचे मूळ शोधून ते बंद करणे, हाच बुरशीवरील खरा उपाय होय.

स्वाध्याय
१. पुरानंतर भिंतीला लगेच रंग का देऊ नये?
२. लोणा आणि बुरशी यांतील फरक सांगा.
३. आपल्या घरातील ओलीच्या जागा शोधा व प्रत्येकीचे कारण लिहा.