कवच शाबूत, तरी जंतू आत?

प्रश्न : अंडं तडकलेलं नाही, वर घाण नाही, तरी त्यात जंतू असू शकतात म्हणे. ते शिरतात कुठून? धुतल्याने जातात का?

उत्तर : दर वेळी बाहेरूनच शिरतात असं नाही. अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात. त्यातले वीसेक तास कवच चढण्यात जातात, पण त्याआधी बलक आणि पांढरा उघडेच असतात. सालमोनेला एंटेरिटिडिस हा जंतू तिथेच डाव साधतो. उंदरांच्या लेंड्या पडलेल्या खाद्यातून तो कोंबडीच्या पोटात जातो, आतड्यातून अंडाशय आणि अंडनलिकेपर्यंत पोचतो. मग वरून कवच कितीही पक्कं बसो, जंतू आत कोंडलेलाच. आणि कोंबडी? ती धडधाकट. खाते-पिते, अंडी देते. पोल्ट्रीवाल्याला शंका यावी तरी कशी! अर्थात तिचं प्रत्येक अंडं दूषित नसतं.

ताज्या अंड्यात जंतू थोडेच असतात, कारण पांढऱ्यातलं लोह त्यांना मिळत नाही. अंडी उकाड्यात बाहेर पडून राहिली की बलकावरचा पडदा सैल होतो, आतलं अन्न हाती लागतं आणि जंतू भराभर वाढतात.

धुण्याने हे आतले जंतू जात नाहीत. उलट कवचावरचा संरक्षक थर निघतो आणि थंड पाण्यात ओली घाण कवचाच्या छिद्रांतून आत ओढली जाऊ शकते. विष्ठा लागलेलं अंडं मुळात घेऊच नये.

डिसेंबर १९८८ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्यातल्या मंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतेक अंडी-उत्पादनाला सालमोनेलाची बाधा झाल्याचं म्हटलं. विधान अतिशयोक्त होतं, धोका मात्र खरा होता. अंड्यांचा खप कोसळला आणि दोन आठवड्यांत बाईंना राजीनामा द्यावा लागला. पुढे १९९८ पासून तिथे सिंहाचा छाप असलेल्या अंड्यांसाठी कोंबड्यांना लस टोचणं सक्तीचं झालं. २०१७ मध्ये तर तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने गरोदर स्त्रियांनाही या छापाची अर्धकच्ची अंडी खायला हरकत नाही, असं सांगितलं.

आपल्या वाण्याकडच्या सुट्या अंड्यांवर असा कुठला छाप? कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर तेलंगणाने २०२४ मध्ये वर्षभराची बंदी घातली, ती उगाच नव्हे. तेव्हा अंडी फ्रिजमध्ये ठेवा, आणि घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा वयस्कर माणूस असेल, तर त्यांना हाफ फ्राय देऊ नका. बलक घट्ट होईपर्यंत शिजवूनच वाढा.