स्वस्त खोलीचा पत्ता

मी लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळचा. नोकरी लागली पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या एमआयडीसीत. तिसरं शिरूर बीडमध्ये आहे, शिरूर कासार. इथली जुनी माणसं पुण्याच्या शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात, ते का हे पहिल्याच महिन्यात कळलं. गावाहून कुरिअरने निघालेलं माझं डिप्लोम्याचं सर्टिफिकेट बीडच्या शिरूरला मुक्काम करून आठ दिवसांनी आलं. तेव्हा हसलो होतो.

२०१४ ते २०२१ या काळात चार खोल्या झाल्या. एक कारेगावात, दोन घोड नदीच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे, आणि शेवटची दौंडला रुळांच्या पलीकडे. चारही घेतल्या त्या भाडं कमी म्हणून. गावाकडची पोरं अजून फोन करतात, "दादा, तिकडं रूम कितीला मिळायलीय?" फोनवर आकडा सांगून होतो, बाकीचं राहून जातं. ते इथे सांगतो.

१. खोली रात्री बघावी

कारेगावची खोली मी रविवारी सकाळी अकराला बघितली. ऊन छान पडलं होतं, अंगणात कुणीतरी पापड वाळत घातले होते. महिना अठराशे, तिघांत सहाशे. लगेच हो म्हणालो.

सेकंड शिफ्ट सुटून कंपनीची बस हायवेवर सोडायची तेव्हा साडेबारा झालेले असायचे. तिथून खोलीपर्यंत पाऊण किलोमीटर. एका बाजूला ट्रक लावलेले, दुसऱ्या बाजूला ऊस, मधला रस्ता काळोखा. ट्रकांच्या आडोशाला कोण उभं आहे ते दिसत नाही आणि उसात काय आहे तेही नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा सगळा पट्टा बिबट्यांचा. उसातच त्यांची पिल्लं वाढतात. आम्ही सहा-सात जण मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून चालायचो. बिबट्याचं माहीत नाही, पण माणसांना त्या गाण्यांनी आमचे मोबाइल कुठे आहेत ते बरोबर कळायचं. पगार सात ते दहा तारखेच्या आत व्हायचा आणि हिसकाहिसकीही त्याच दिवसांत व्हायची. माझा पहिला स्मार्टफोन, साडेसात हजारांचा, असाच गेला. तेवढ्या पैशांत माझ्या वाट्याचं वर्षभराचं भाडं भागलं असतं.

तेव्हा खोली रविवारी बघू नका. शिफ्ट सुटायच्या वेळेला जा, बसच्या थांब्यापासून दारापर्यंत एकटे चाला, आणि मग भाडं विचारा.

२. पत्र्याखाली थर्ड शिफ्ट

एप्रिलमध्ये पत्र्याखाली दिवसा झोपता येत नाही. ओलं पोतं, ओली चादर, खाटेखाली पाण्याची बादली, सगळं करून झालं. यावर काही शिकलो नाही, फक्त डोळे लाल झाले. आमच्या खोलीत एका कॉटवर दोघं होतो, एक दिवसाचा, एक रात्रीचा. कॉट कधी थंड झालीच नाही.

३. मीटर कुणाच्या नावावर आहे ते विचारा

ही गोष्ट मला दोन वर्षांनी कळली, आणि अजून कुणाला सांगितली की तो चमकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चाळीत दहा खोल्या, महावितरणचं मीटर एक, मालकाच्या नावाचं. प्रत्येक खोलीला आत छोटं सबमीटर. मालक युनिटला दहा रुपये घ्यायचा. आम्ही समजत होतो, हा लुटतोय. थोडं लुटत होताच. पण घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली शंभर युनिटं सगळ्यात स्वस्त, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, मग त्यापुढची. आमच्या एका खोलीत पंखा, दिवा, मोबाइल धरून महिन्याला साठ युनिटंसुद्धा होत नसत. वेगळं मीटर असतं तर आम्ही पहिल्या टप्प्याच्या बाहेर कधी पडलोच नसतो. दहा खोल्यांची मिळून सहाशेच्या आसपास झाली की तीच युनिटं वरच्या टप्प्यांत जातात. म्हणजे पंखा एक, आणि बिल एसी असलेल्या बंगल्यासारखं.

२००३ च्या वीज कायद्याप्रमाणे जागेचा मालक किंवा त्या जागेत राहणारा, दोघांपैकी कुणीही जोडणी मागू शकतो. मी अर्ज आणायला गेलो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "तिथे राहता याचा कागद?" कागद नव्हता. इथून पुढे हा प्रश्न माझ्या पाठीच लागला.

४. पाणी

बोअरचं पाणी खारट. आंघोळ झाली की केस तारेसारखे उभे. पिण्याचं पाणी आरओ प्लांटवर नाणं टाकून भरायचं, कॅन खांद्यावर घेऊन यायचं. संडास दोन, खोल्या दहा, आणि फर्स्ट शिफ्टची बस सगळ्यांची एकच. बाकी तुम्हीच समजून घ्या.

५. छोटं सिलिंडर

गॅसचं कनेक्शन घ्यायला पत्त्याचा पुरावा लागतो. आमच्याकडे आधार होतं, त्यावर लातूर. मग काय करायचं? चौकात एक दुकान होतं, शेगडीच्या टपरीच्या मागे. तिथे मोठ्या सिलिंडरमधून छोट्या टाकीत किलोच्या भावाने गॅस भरून मिळायचा, नळी लावून, शेजारी विडी ओढत. दीड वर्षं आम्ही त्या टाकीवर भात शिजवला. रात्री झोपताना टाकी दाराबाहेर ठेवायचो आणि चोरी होऊ नये म्हणून साखळीने बांधायचो. स्फोटापेक्षा चोरीची भीती मोठी होती, यावरून वस्तीचा अंदाज यावा.

पाच किलोचं अधिकृत सिलिंडर नुसतं ओळखपत्र दाखवून मिळतं, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. हे मला फार उशिरा समजलं. नव्या पोरांना मी खोलीच्या आधी हे सांगतो.

६. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो

शिरूर शहराच्या कडेने घोड नदी जाते. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे गव्हाणवाडी, तालुका श्रीगोंदा, जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. पलीकडे खोली चारशे रुपयांनी स्वस्त होती. नदीवरून वारा यायचा. मला वाटलं, डोकं चालवलं आपण.

एका रात्री दाराबाहेर लावलेली मोटारसायकल गेली. मी सवयीने शिरूरला तक्रार द्यायला गेलो. गाडी कुठून गेली ते ऐकल्यावर सांगितलं, ही हद्द आमची नाही. ज्यांची हद्द होती तिथे पोचेपर्यंत दुपार झाली. तिथे विचारलं, तुम्ही मूळचे शिरूरचे, मग इकडे कसे? म्हणालो, ते शिरूर वेगळं. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि एकदा माझ्याकडे, एकदा आधार कार्डाकडे बघितलं. तिथेही माझ्या भाड्याचा कागद कुणाला दाखवता आला नाही. मालकाने भाडेकरूची माहिती ठाण्यात कळवलेलीच नव्हती, आणि मग संशय आला तो माझ्यावर. चोरी माझी झाली आणि दोन तास चौकशीही माझीच.

मोटारसायकल मिळाली नाही. चारशे रुपये वाचले ते अकरा महिने.

७. कागद

वरच्या सगळ्याचं मूळ इथे आहे, म्हणून थांबून सांगतो.

स्वस्त वस्तीतला मालक करार करत नाही. कारण विचारलं तर म्हणतो, "एवढ्याशा भाड्याला कशाला?" फार मागे लागलं तर स्टॅम्पपेपरवर चार ओळी लिहून नोटरीचा शिक्का मारून देतो आणि सांगतो, अकरा महिन्यांचाच आहे, नोंदवायची गरज नाही. मी हे सात वर्षं खरं मानलं. ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, त्याच्या ५५व्या कलमात सांगितलंय की भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असावा आणि नोंदवलेला असावा. अकरा महिन्यांना त्यात सूट नाही. नोंदवायची जबाबदारी मालकावर. नाही नोंदवला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि लेखी नोंदवलेला करार नसताना भांडण झालं, तर कोणत्या अटीवर जागा दिली याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. कायदा इतका आपल्या बाजूने आहे हे वाचून मला रडू यायचं बाकी होतं.

पण कायदा खोलीत राहत नाही. तात्या, म्हणजे माझे तिसरे मालक, माणूस वाईट नव्हता. दिवाळीला फराळाचं ताट पाठवायचा. त्याच्यापुढे पाचशे पंचावन्न कलमं ठेवली असती तरी तो एवढंच म्हणाला असता, "मग खाली कर."

या सात वर्षांत मी शिरूर, नगर आणि बारामती अशा तीन लोकसभा मतदारसंघांत राहिलो. २०१९ ला मतदान एकाही ठिकाणी केलं नाही. पत्त्याचा कागद नाही म्हणून नाव लातूरच्याच यादीत, आणि त्या दिवशी सुट्टी मिळाली तरी एसटीने जाऊन येण्याइतकी नव्हती.

८. वास भाड्यात धरलेला असतो

२०१८ मध्ये कुरकुंभला नोकरी बदलली. कुरकुंभ एमआयडीसी रसायनांची. कंपाउंडला लागून खोल्या मिळत होत्या, दौंडच्या निम्म्या भाड्यात. तोवर थोडी अक्कल आली होती, म्हणून रात्री बघायला गेलो. अकरानंतर वारा फिरला आणि घशात काहीतरी बसलं. मालक म्हणाला, "सवय होते." मी दौंडला राहिलो. माझा एक मित्र बायको-मुलीला घेऊन तिथेच राहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या एका कारखान्याला रात्री मोठी आग लागली, गावकऱ्यांना घरं सोडून बाहेर पडावं लागलं. तो दीडच्या सुमाराला माझ्या दारात. मुलगी झोपेतच होती, तिच्या एका पायात चप्पल.

९. दौंड

दौंडची खोली रुळांच्या इतकी जवळ की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. जंक्शनवर मनमाडची लाइन सोलापूर-पुण्याच्या लाइनला मिळते, त्यामुळे शंटिंग रात्रभर. काही गाड्या जंक्शनात न येता कॉर्ड लाइनवर थांबतात. तिथे मध्यरात्री उतरलात तर रिक्षावाला म्हणेल ते भाडं, नाहीतर अंधारात पायपीट. पावसाळ्यात रुळांखालच्या कुरकुंभ मोरीत पाणी साचलं की शहराचे दोन तुकडे व्हायचे. त्या दिवशी ड्यूटीला उशीर, आणि सुपरवायझरला मोरी म्हणजे काय ते दर वर्षी नव्याने समजावून सांगायचं.

आवाजाची सवय मात्र झाली. मार्च २०२० मध्ये पॅसेंजर गाड्या बंद झाल्या. मालगाड्या चालू होत्या, पण स्टेशनवरची अनाउन्समेंट थांबली, आणि पहिले तीन दिवस मला झोप आली नाही.

त्या दिवसांत कंपनी बंद, मेस बंद. वस्तीतला एक दादा, ज्याला बघून मी दोन वर्षं रस्ता बदलायचो, त्याने पिठाची पिशवी आणून दिली. वर बजावलं, "कुणी विचारलं तर इथलाच आहे म्हणून सांग, माझं नाव घे." मला आनंद झाला आणि लाजही वाटली. इतक्या वर्षांत माझ्या पत्त्याला साक्षीदार मिळाला तो हा. पुढे गावी जाऊन परत येताना जिल्हा ओलांडायला पास लागला. तो मिळाला कंपनीच्या पत्रावर. दादाचं नाव अर्जात कुठे घालणार?

शेजारच्या काकूंनी त्या दोन महिन्यांत उधारीवर जेवू घातलं. त्यांचे पैसे मी फेडले, पण त्यांनी वहीत लिहिलेले कमी होते, हे मला माहीत आहे.

१०. डिपॉझिट परत येत नाही

चार खोल्यांची चार डिपॉझिटं. एक रंगकामात गेलं, एक तुटलेल्या नळात, एक "पुढच्या महिन्यात देतो" मध्ये. चौथ्यातले अर्धे मिळाले, तेही शेवटच्या महिन्याचं भाडं मी आधीच दिलं नव्हतं म्हणून.

आता माझ्या नावावर कर्जाचा फ्लॅट आहे आणि आधारवर पुण्याचा पत्ता. मागच्या दिवाळीत गावी गेलो तर परसातल्या खोलीत दिवा दिसला. बापूंनी ती भाड्याने दिली होती, रस्त्याच्या कामावर आलेल्या दोन पोरांना. मी विचारलं, करार केला का?

बापू म्हणाले, "एका खोलीला कशाला रं कागद? चांगली पोरं हैत."

"आणि लाइटचं?"

"मीटर आपलंच हाय की. धा रुपयानं युनिट लावलंय."