रस्ता ओलांडण्याचा हिशोब

मंडळी, छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाणारा मोठा रस्ता आपण पाहिला आहे. शेताला जाताना असा रस्ता ओलांडावा लागतो. दूरवर मोटार दिसते. आपण म्हणतो, "ती अजून लई लांब आहे." खरंच लांब आहे का? हिशोब करून पाहू.

मोटारीचा काटा ताशी किलोमीटर दाखवतो. ताशी म्हणजे एका तासात. पण रस्ता ओलांडायला तास लागत नाही, सेकंद लागतात. म्हणून किलोमीटरचे मीटर करू आणि तासाचे सेकंद करू.

१ किलोमीटर = १००० मीटर
१ तास = ३६०० सेकंद

समजा, मोटारीचा वेग ताशी ७२ किलोमीटर आहे. ७२ किलोमीटर म्हणजे ७२,००० मीटर. त्याला ३६०० ने भागा. उत्तर आले २०. म्हणजे मोटार दर सेकंदाला २० मीटर पुढे येते.

सोपी रीत अशी: ताशी किलोमीटरला ५ ने गुणा, मग १८ ने भागा.

आता आपली चाल पाहू. सावकाश चालणारा माणूस सेकंदाला सुमारे १ मीटर चालतो. रस्ता १० मीटर रुंद असेल, तर त्याला १० सेकंद लागतात. तेवढ्यात मोटार २०० मीटर येते! डोक्यावर भारा असेल, तर आणखी वेळ लागतो. चुकलेला अंदाज जिवावर बेततो. म्हणून घाई करू नका. आधी गाडी जाऊ द्या.

करून पाहा: ताशी ५४ किलोमीटर वेगाची गाडी १० सेकंदांत किती मीटर येईल?

(उत्तर: १५० मीटर)