जुनी जीप, नवे शॉकॲब्सॉर्बर आणि आपली कंबर

कंबरदुखीची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला आम्ही डॉक्टर त्याचा व्यवसाय विचारतो. ‘जीपवर ड्रायव्हर आहे’ असे उत्तर आले की मी आणखी एक प्रश्न विचारतो : गाडीचे शॉकॲब्सॉर्बर शेवटचे कधी बदलले? रुग्णाला वाटते, हा प्रश्न गॅरेजमधला आहे, दवाखान्यातला नव्हे. परंतु जुनी बोलेरो, सुमो, ट्रॅक्स किंवा कमांडर घेऊन रोज आठ-दहा तास खड्ड्यांतून फिरणाऱ्या माणसाच्या मणक्यांशी या प्रश्नाचा अगदी जवळचा संबंध आहे.

धक्का कुठे जातो?

आपल्या पाठीच्या दोन मणक्यांमध्ये कूर्चेची एक चकती असते. तिच्या आत मऊ, पाणीदार गर असतो. प्रौढ वयात या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. आजूबाजूच्या हाडांतून झिरपणाऱ्या द्रवावर तिचे पोषण चालते. वाढत्या वयाबरोबर तिच्यातले पाणी कमी होते आणि धक्का सोसण्याची ताकदही घटते. बसलेल्या अवस्थेत शरीराचा भार कंबरेच्या खालच्या दोन चकत्यांवर जास्त पडतो. बहुतेक वेळा सरकतात त्याही याच.

त्यात भर पडते कंपनांची. मुलाला झोक्यावर बसवून नेमक्या वेळी हलका धक्का दिला तरी झोका उंच जातो. शरीराचेही तसेच आहे. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा हादरले की तो हादरा शरीरात विरत नाही, उलट वाढतो. पाठीचे स्नायू त्याला तोंड देता देता थकतात आणि मग सगळा भार चकत्यांवर येतो. युरोपीय संघाने तर २००२ साली कामगारांच्या अंगाला बसणाऱ्या कंपनांवर कायद्यानेच मर्यादा घातली.

शॉकॲब्सॉर्बरचे काम

पाटे किंवा स्प्रिंग खड्ड्याचा धक्का झेलतात, पण झेललेला धक्का ते परत फेकतात. एकट्या स्प्रिंगवर गाडी बराच वेळ खालीवर डुलत राहील. हे डुलणे थांबवण्याचे काम शॉकॲब्सॉर्बर करतो. त्याच्या नळीत तेल असते. दट्ट्या खालीवर झाला की ते तेल बारीक छिद्रांतून जाते आणि हालचालीच्या शक्तीचे उष्णतेत रूपांतर होते. तेल गळले किंवा आतल्या झडपा झिजल्या की हे काम थांबते. मग चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, ब्रेक लागायला अंतर जास्त लागते आणि वळणावर गाडी झोल खाते. म्हणजे प्रश्न केवळ कंबरेचा राहत नाही, गाडीत बसलेल्या सर्वांच्या जिवाचा होतो.

‘हेवी’ म्हणजे आरामदायी नव्हे

येथे एक गैरसमज नेहमी आढळतो. गाडी जुनी झाली की मालक मिस्त्रीला सांगतो, ‘एकदम हेवी शॉकॲब्सॉर्बर टाक, मागे एक जादा पाटाही चढव.’ भरलेल्या गाडीला याचा उपयोग होतो. पण परतीच्या रिकाम्या फेरीत तीच गाडी दगडासारखी आदळते. साध्या मोटारीचा सांगाडा सेकंदाला एक-दीड वेळा डुलतो. कडक पाटे चढवले की हा वेग वाढतो आणि शरीराला बाधणाऱ्या कंपनांच्या जवळ जातो. दुधाच्या गाडीवरच्या एका चालकाची कंबरदुखी अशा ‘सुधारणे’नंतरच सुरू झाली होती. सकाळी कॅन भरलेले असताना त्याला त्रास नसे, दुपारी रिकामी गाडी आणताना असे. जादा पाटा काढून गाडीला योग्य ते शॉकॲब्सॉर्बर बसवले आणि व्यायाम सुरू केला, तेव्हा त्याला उतार पडला.

बदलताना काय पाहावे?

१) नळीवर तेलाचा ओघळ, फुटलेले रबरी बुश आणि टायरवर जागोजागी पडलेले खळगे ही शॉकॲब्सॉर्बर निकामी झाल्याची चिन्हे आहेत. बॉनेट दाबून सोडल्यावर गाडी एक-दोन हेलकाव्यांत स्थिर व्हावी. मात्र जड पाट्यांच्या गाडीत ही परीक्षा नेमकी होत नाही. तेथे मिस्त्रीला दुसरी खूण माहीत असते : खराब रस्त्यावरून आल्यावर सर्व नळ्या गरम लागायला हव्यात. जी थंड राहिली, ती काम करत नाही.

२) पुढचे दोन किंवा मागचे दोन, अशी जोडीच बदलावी. एकच नवा टाकल्यास गाडी एका बाजूला ओढते. बुशही त्याच वेळी बदलावेत.

३) गॅसचे शॉकॲब्सॉर्बर घेतले म्हणजे गाडी मऊ होते असे नाही. त्यांतील नायट्रोजनच्या दाबामुळे तेलाला फेस येत नाही आणि लांबच्या खराब रस्त्यावरही ते शेवटपर्यंत काम देतात. हा त्यांचा खरा फायदा.

४) गाडी नेहमी किती भरलेली असते हे दुकानदाराला खरे सांगावे आणि त्या वजनाला योग्य माल घ्यावा. गाडीची उंची वाढवली असेल तर शॉकॲब्सॉर्बरची लांबीही त्यानुसार लागते.

५) चालकाच्या सीटची बसलेली गादी त्याच खेपेला बदलून घ्यावी. टायरमध्ये ठरल्यापेक्षा जास्त हवा भरू नये.

चालकाने व प्रवाशांनी घ्यायची काळजी

कंबरेच्या खोलगट भागामागे टॉवेलची गुंडाळी ठेवावी. मागच्या खिशातले पाकीट काढून बसावे. दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे. उतरल्याबरोबर पोते किंवा कॅन उचलू नये. थकलेल्या स्नायूंना आधी थोडी विश्रांती द्यावी. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत बरी होते. त्यासाठी दिवसेंदिवस अंथरुणात पडून राहू नये. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी जठर व मूत्रपिंडाला इजा होते. स्नायू सैल करणाऱ्या काही गोळ्यांनी झोप येते, अशी गोळी घेऊन गाडी चालवू नये.

काळीपिवळी असो की वडाप, मागच्या चाकाच्याही मागे असलेल्या बाकावर सर्वांत जास्त आदळ बसते. गर्भवती स्त्रिया, नुकतेच ऑपरेशन झालेले रुग्ण आणि वयस्कर मंडळी यांना मधल्या जागेवर बसवावे. हाडे ठिसूळ झालेल्या आजीबाईंचा मणका गतिरोधकावरच्या एका आदळीनेही दबून मोडू शकतो. प्रवासानंतर पाठीत अचानक तीव्र कळ सुरू झाली तर एक्स-रे काढून घ्यावा.

पायात मुंग्या किंवा कळ उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. पायातली ताकद कमी होणे, बैठकीचा भाग बधिर होणे, लघवी अडणे किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. येथे काही तासांच्या उशिरानेही कायमचे अपंगत्व येऊ शकते.

पासिंगला नेण्याआधी गाडीचे ब्रेक आणि दिवे आपण न विसरता तपासून घेतो. त्याच वेळी मिस्त्रीला चारही शॉकॲब्सॉर्बर पाहायला सांगावेत. ते मालकाने करावे, आणि मालक विसरला तर चालकाने आठवण द्यावी, कारण आदळ त्याच्या पाठीला बसते.