फुटबॉलचा तास : सराव एकच, अंतरं वेगवेगळी



सहावीच्या वर्गाला फुटबॉल शिकवताना सगळ्यात मोठी अडचण असते ती मुलांमधल्या फरकाची. कोल्हापूरसारख्या फुटबॉलवेड्या गावात तर ती फारच जाणवते. पेठेतलं पोरगं तालमीच्या संघाच्या मॅचेस बघत, गल्लीत खेळत वाढलेलं असतं. त्याच रांगेत एखादी मुलगी अशी असते, की जिच्या पायाला बॉल कधी लागलेलाच नाही. दोन संघ पाडून शिट्टी वाजवली की काय होतं? पाच-सहा जण खेळतात, बाकीचे धावल्यासारखं करतात, आणि ज्याला काहीच येत नाही त्याला गोलात उभं करतात. वर्षभर असंच चाललं की "सर, पोट दुखतंय" सुरू होतं.

यावर उपाय म्हणजे कौशल्य सगळ्यांना तेच द्यायचं, अवघडपणा मात्र बदलायचा.

पायाच्या आतल्या बाजूनं द्यायचा पास घ्या. टेकलेला पाय बॉलच्या शेजारी, त्याची बोटं पास द्यायचा तिकडे, मारणाऱ्या पायाचा घोटा ताठ, आणि फटका बॉलच्या मधोमध. इतकंच सांगा. ४० मुलं आणि १० बॉल असतील तर चार-चारांचे गट करा. दोघं इकडे, दोघं समोर, मध्ये दोन विटांचं दार. पास दिला की आपल्या रांगेच्या मागे जायचं. अंतर ४ पावलं, ७ पावलं की १० पावलं, ते गटानं ठरवायचं. पाचातले चार पास दारातून गेले की मागे सरकायचं, दोनपेक्षा कमी गेले तर पुढे यायचं. दहा पावलांवरून सहज जमतंय? मग डाव्या पायानं, नंतर बॉल न थांबवता. कुणाला 'कच्चा' म्हणावं लागत नाही, विटाच सांगतात.

नवशिक्यांच्या बॉलमधली हवा जरा कमी ठेवा, तो कमी उसळतो आणि पायाखाली थांबतो. मोठ्यांचा ५ नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, अनवाणी पायाला तो चांगलाच लागतो. या वयाला ४ नंबर बरा. तोही नसेल तर रबरी बॉल चालतो.

सरावाला सारख्या तयारीची मुलं एकत्र ठेवा, खेळताना मात्र मिसळा. छोटं मैदान, तीन विरुद्ध तीन, गोलकीपर नाही. 'सगळ्यांचा पाय लागल्याशिवाय गोल नाही' हा नियम बऱ्याच ठिकाणी लावतात, मला तो पटत नाही. शेवटचा पास कुणाला जाणार हे समोरच्यांना आधीच कळतं आणि त्या मुलावरच सगळे तुटून पडतात. त्यापेक्षा तयार मुलांना 'दोनच टच' द्या. त्यांना डोकं वर करून साथीदार शोधावाच लागतो. आणि चांगलं खेळणाऱ्याला दर वेळी 'तू यांना शिकव' म्हणून बाजूला काढू नका, तोही शिकायलाच आलाय.

पालकांनी घरी आल्यावर "किती गोल मारलेस?" ऐवजी "आज बॉल किती वेळा मिळाला?" असं विचारावं. उत्तर दोन-तीनदा असंच येत राहिलं तर शिक्षकांशी बोला. घराजवळ मोकळी भिंत असेल तर रोज दहा मिनिटं तिच्यावर पास मारायला सांगा, आधी चार पावलांवरून.